तुळईखालची भिंत

तुळई खाली आली ती थेट माझ्या धाकट्या जावेच्या पाठीवर. तुळईमागून विटा आल्या, माती आली आणि मला काही दिसेना. माझा उजवा पाय मांडीपर्यंत दबला होता. हात लांबवला तर जावेचा हात लागला. मी हाक मारली. तिनं बोटं हलवली. पुन्हा मारली, तेव्हा हलवली नाहीत.

हे जळगावात झालं, एका सरकारी बंगल्यात. मोठे साहेब तिथे राहत. साहेब दोन-तीन वर्षांत बदलायचा आणि नव्याला जुन्याचं घर पसंत पडायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथल्या दुरुस्त्यांवर कामाला जात होते. एका साहेबानं शहाबादी फरशी घातली. पुढच्यानं ती उखडून चकचकीत टाइल्स बसवल्या. त्यांवरून त्याची आई घसरली, म्हणून खरबरीत आणल्या. एकानं स्वयंपाकघर मागच्या अंगाला नेलं, दुसऱ्यानं परत होतं तिथे आणलं. कोणीतरी पीओपीचं पांढरं छत लावलं, तेव्हा वरची सागाची तुळई झाकली गेली.

ती तुळई मी उघडी पाहिलेली होती. छत लागण्याआधी एकदा ती वाकली, तेव्हा माझ्या नवऱ्यानं दिवाणखान्यात तिच्याखाली भिंत उचलली. तो गवंडी होता. विटा मी दिल्या. सरकारी कागदावर काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण पुढे सगळे त्या भिंतीला पडदी म्हणू लागले, दोन खोल्या करायला मधे घातलेली. नवरा वारला. नंतरच्या साहेबांना दिवाणखाना मोठा हवा झाला.

पाडायला सुरुवात झाली त्या सकाळीच मी मुकादमाला म्हटलं, "भाऊ, हाई पडदी नही. हिन्हावर तुळई टेकेल शे."

मुकादम वर छताकडे पाहून हसला. "कोठे शे तुळई? अक्का, तू कव्हय इंजिनेर व्हयनी?"

"आमनी अक्का चौथी पास इंजिनेर शे!" माझ्यासोबत कामाला आलेली जाऊ म्हणाली. सगळे हसले. बांबूच्या परांचीवर चढलेला गवंडीही हसला. जावेच्या मनात खोट नव्हती, तिला थट्टेची सवयच होती. पण तिचं बोलणं मला लागलं.

मी पुन्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का, मला ठाऊक नाही. सांगितलं नाही, एवढं ठाऊक आहे.

पाडकामातल्या चांगल्या विटा टाकून देत नाहीत. बायकांनी बसून त्यांना चिकटलेला जुना चुना-सिमेंटचा माल थापीनं तासायचा, मग त्या पुन्हा वापरात येतात. वैशाखाचं ऊन होतं, अंगणात बसवत नव्हतं. विटा उचलून बाहेर नेण्यापेक्षा आम्ही दोघी आतच, भिंतीच्या पायथ्याशी बसलो. तिथे गार होतं. गवंडी एका टोकाकडून भिंत काढत वरून विटा सोडायचा, आम्ही तासायचो. मला कळत होतं की भिंत निम्मी झाली तर वरचं वजन धरायला काही राहणार नाही. तरी मी बसले. उठले असते तर पुन्हा हसले असते. निदान जावेला तरी उठवायला हवं होतं. तिच्यावर राग होता म्हणून मी तिच्याशी बोलतच नव्हते.

तिनं विचारलंही, "अक्का, रागावली का वं?"

मी वीट फिरवली आणि दुसरी बाजू तासायला घेतली. तेवढ्यात छताला तडा गेला आणि पीओपीचा भुगा आमच्या डोक्यांवर पडला. गवंडी ओरडला आणि त्यानं उडी मारली.

त्याचा घोटा मोडला. मुकादम फाटकाशी फोनवर बोलत होता, त्याला खरचटलंही नाही. भिंतीखाली आम्ही दोघी होतो. त्यातली मी जगले.