पुढच्या दोन रांगा

स्यू-किमबाई उभं आयुष्य संगीत नाटकात सेनापती झाल्या. देवळापुढच्या मांडवात, दाढी लावून, भाला पेलून. तैवानच्या त्या किनाऱ्यावर काय तो त्यांचा खडा आवाज! तोच एका हिवाळ्यात गेला, परतला नाही. बाई रडत बसल्या नाहीत. सरकारी प्रशिक्षण-अनुदान मिळवलं आणि खुणांनी, घोगऱ्या कुजबुजीनं तीन पोरींना गाणं शिकवू लागल्या.

पण अनुदानाचा अहवाल द्यायचा होता. अखेरच्या प्रयोगाला पन्नास प्रेक्षक, असं अर्जात कबूल केलेलं. कमी भरले तर वर्ग बंद. मोजायला तालुक्याहून ल्याओ मॅडम आल्या.

चांद्र वर्षाचा सातवा महिना, मेलेले गावात परततात तो. भर दुपार. सगळं गाव लोटलं तरी तीसच माणसं. पुढच्या दोन रांगा रिकाम्या, त्यांच्यापुढे उदबत्त्या.

"बाई, लोकांना पुढे बसवा की!"

"या महिन्यात त्या वीस खुर्च्या मेलेल्यांच्या, मॅडम."

"मेलेले अहवालात चालत नाहीत हो!"

मागून एक म्हातारा खिदळला, "तुम्ही बसून बघा. सरकतील बिचारे!"

मॅडम खांबाशीच उभ्या राहिल्या.

प्रयोग रंगला आणि ऐन लढाईत थोरली पोर, युन-जू, ओळ विसरली. ढोल थांबला. विंगेत बाईंनी तोंड उघडलं, नुसती हवा. तेवढ्यात पहिल्या रांगेतून ती ओळ आली. खडी, भरदार, तरुण. युन-जूनं ती झेलली, ढोल पुन्हा घुमला.

मागच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. बाईंचा हात गळ्याकडे गेला. तो आवाज त्यांचाच होता.

मॅडमचा चेहरा पांढराफटक. पेनाच्या टोकानं त्या एकेक खुर्ची मोजत गेल्या, आधी मागच्या, मग पुढच्या दोन रांगांतल्याही. मग विंगेशी येऊन हळूच म्हणाल्या, "एकोणपन्नास. पहिल्या रांगेत मधली खुर्ची तेवढी मोकळी आहे. बाकी... बाकी बसलेत."

बाईंनी पोरींकडे पाहिलं. तिघी जीव तोडून गात होत्या. बाई मात्र जन्मात कधी प्रेक्षकांत बसल्या नव्हत्या. साडी सावरावी तसा त्यांनी झगा सावरला, पायऱ्या उतरल्या, वाकून, कुणाच्या गुडघ्यांना धक्का लागू नये अशा बेतानं रांगेतून गेल्या आणि मधल्या खुर्चीत बसल्या.

मॅडमनी आकडा लिहिला.

रंगमंचावर युन-जूनं तान घेतली. आणि बाईंच्या अगदी कानाशी, त्यांच्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, "वा!"