चुका शोधणाऱ्या बाई

फोन लावण्याआधी बाई पदर नीट करायच्या. समोरचा माणूस लोणंदला नाहीतर शिराळ्याला, त्याला काही दिसणार नसायचं. तरी बाई आधी पदर सारखा करत, मग नंबर दाबत. आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी घरचं सांगा, मग पेंडीचं बघू."

आमची सांगलीची पशुखाद्याची कंपनी. फोनवर ऑर्डर घेणाऱ्या सहा जणी होत्या आणि विक्रीचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. बाई माझ्या आईच्या वयाच्या, तरी मला साहेब म्हणायच्या. तुमच्याही कचेरीत असं एक माणूस असेल, ज्याच्यामुळे तुमचे तक्ते बिघडतात. बाई रकाने भरत नसत. सगळं 'शेरा' या एका चौकटीत लिहीत: म्हैस आटली, सुनेला मुलगी झाली, म्हातारा नाराज आहे, सोमवारनंतर बोलावं. मी चिडायचो. बाकीच्या पाच जणी शेऱ्यात 'फोन केला' एवढंच लिहीत. त्या मला शहाण्या वाटत.

मग मालकांनी एआय एजंट घेतला. तो स्वतः फोन करणार, बोलणार, ऑर्डर घेणार आणि रकानेही भरणार. त्याला शिकवायला काय द्यायचं हे शोधताना कळलं, की कामाचे शेरे फक्त बाईंचे आहेत. ते सगळे आणि त्यांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग मी त्याला दिली. आवाजही त्यांचाच घेतला. कागदावर सही घेताना मी म्हणालो, तुमचं ओझं कमी होईल. बाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घरी लवकर जाता आलं तर त्यांना हवंच होतं. त्यांनी न वाचता सही केली.

महिनाभरात पाच जणी गेल्या. बाईंना ठेवलं, ते एजंटचे फोन ऐकून त्याच्या चुका लिहायला. ज्या आठवड्यात एकही चूक सापडणार नाही त्या आठवड्यात बाईंना मोकळं करायचं, असं मालकांनी मला एकट्याला सांगितलं होतं. बाई दर शुक्रवारी चुकांची यादी आणत आणि मी एजंटला सुधारत असे. यादी लहान होत गेली तशा बाई खूश होत गेल्या.

एका सकाळी हेडफोन लावून बसलेल्या बाई एकदम उभ्या राहिल्या. लोणंदच्या पुढच्या एका गावात म्हशी आणि मेंढरं पाळणारं एक जुनं गिऱ्हाईक होतं. तो माणूस वारला आणि तिसऱ्याच दिवशी एजंटने त्या घरी फोन केला. फोन त्याच्या बायकोने घेतला. एजंटने शेऱ्यातलं वाचून विचारलं, तुमच्या मालकांचा गुडघा कसा आहे. तिने बाईंचा आवाज ओळखला आणि रडत सगळं सांगत बसली. छातीत कसं दुखायला लागलं, दवाखान्याच्या दारात कसा जीव गेला. एजंटने तिला मध्ये एकदाही तोडलं नाही. ती थांबल्यावर म्हणाला, ऐकून वाईट वाटलं, आणि या महिन्यात दहा पोत्यांवर एक पोतं फुकट आहे.

बाई रजा टाकून एसटीने त्या गावाला गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, मशीन बोलत होतं हे सांगितलंत ना?

"न्हाई. मीच हुते म्हणून सांगितलं," बाई म्हणाल्या. "आवं, आपण मशीनपुढं रडलो ह्ये कळलं असतं तर काय वाटलं असतं तिला?"

"मग ती काय म्हणाली?"

"पुन्यांदा दारात पाय ठिऊ नको म्हणाली."

मग बसून त्यांनी चूक लिहिली. बोलताना घरातलं मरण कळलं तर विक्रीचं बोलू नये, महिनाभर फोन करू नये. मी तो नियम बसवला. चांगला चालला.

तेव्हा मला थोडी लाज वाटली. मी आडून सुचवलं, सगळ्याच चुका लिहायला पाहिजेत असं नाही, दोन-चार राहू द्या. कारण सांगितलं नाही. बाईंनी मलाच विचारलं,

"मंग आणखी कुणाच्या घरी तसंच हुईल न्हवं?"

तीन आठवड्यांनी त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. एकही सापडली नाही म्हणाल्या. पोरीने पहिला नंबर काढावा तसा चेहरा झाला होता. मी त्यांना खुर्चीवर बसवून सांगितलं, की आजपासून तुमचं काम संपलं. वरून आलंय, मलाही आत्ताच कळलं. बाईंनी हेडफोनची वायर गुंडाळून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "तुमी वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या हातात काय हाय?"

जाताना त्यांनी एकच मागितलं. मिरजेच्या एका दूध संकलन केंद्रात त्या अर्ज करणार होत्या. तिथून विचारणा आली तर चार शब्द चांगले सांगा. मी हो म्हणालो.

विचारणा आली तेव्हा मालक समोर बसले होते. बाईंबद्दल बाहेर काही बोलायचं नाही, आवाजाची भानगड उगाच निघेल, असा त्यांचा हुकूम होता. मी म्हणालो, त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. बरं, समजलं, म्हणून पलीकडच्या माणसाने फोन ठेवला. त्याला काय समजलं ते मलाही समजलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाईंचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. मग त्यांनी बोलून निरोप पाठवला. त्यात नोकरीचं अवाक्षर नव्हतं. साहेब, फोन उचलंना म्हणून काळजी वाटली, तब्येत बरी हाय न्हवं, एवढंच.

मी तो निरोप पुसून टाकला.