सात नंबरच्या भिंतीवरची बाई

नागपुरात महाल नावाच्या जुन्या वस्तीत एक लॉज होता. पाटीवर त्याचं काहीतरी भारदस्त नाव लिहिलेलं होतं, पण ते कुणी घेत नसे. चित्रांचा लॉज म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा. बारा खोल्या, आणि बाराही खोल्यांत एकेक भिंत भरून चित्र. एका खोलीत पतंगांचा पेच, एकीत मागावर बसलेले विणकर, एकीत तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत निघालेली पोरं. लॉजमालक एकदा राजस्थानात फिरून आला होता, आणि तिथल्या रंगवलेल्या भिंती पाहून त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. ते खूळ पुरवायला त्यानं गाठलं माझ्या बाबांना.

बाबा चितारओळीतले. गणपती-दुर्गेच्या दिवसांत मूर्ती करायचे, लगीनसराईत दारावर हत्ती-घोडे काढायचे, एरवी दुकानांच्या पाट्या. मालकानं त्यांना अटच घातली होती. "देव नको काढू गा. देव काढला का गिऱ्हाईक पाय कुठं पसरन?" बाबा हे आयुष्यभर हसून सांगत. देव सोडून काय काढायचं हा त्यांना प्रश्नच पडला होता, कारण त्यांना बाईचा चेहरा एकच यायचा, देवीचा. मग त्या लॉजातली झाडून सगळी बायामाणसं, कोष्टीण असो की भाजीवाली, दुर्गेच्या डोळ्यांनी बघत राहिली.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. आदल्या वर्षी माझी आई विषमज्वरानं गेली. तिचा फोटो नव्हता. फोटोवाल्याकडे जाण्याची आमची ऐपत नव्हती, आणि रोज समोर दिसणाऱ्या माणसाचा फोटो कशाला, असंही असेल. वर्षभरात मी तिचा चेहरा विसरले. आवाज आठवे, अंगाचा वास आठवे, पण चेहरा काही केल्या येत नसे. कुणाला सांगायचीही लाज वाटे. आईचा चेहरा विसरणारी पोरगी म्हणजे काय पोरगी झाली, असं मला वाटायचं.

रोज दुपारी मी बाबांचा डबा घेऊन लॉजात जायचे. एके दिवशी ते सात नंबरच्या खोलीत होते. भिंतीवर संत्र्यांचा मोठा ढीग काढलेला, आणि ढिगाशी एक बाई बसलेली. निळं चौकटीचं लुगडं, एक गुडघा वर, गोंदलेल्या हातात संत्रं. मी डबा खाली ठेवला आणि तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हटलं, "आई." बाबांचा हात थांबला. मी पुन्हा विचारलं, "बाबा, आई ना ही?" कोपऱ्यात रंग घोटायला एक बाई बसायची, तिनंही मान वर केली. बाबांनी त्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी रडायच्या बेतात आले तेव्हा म्हणाले, "हाव. बस तिच्यापाशी." मी भिंतीला पाठ लावून तिच्यापाशी बसले आणि बाबांच्याच डब्यातली अर्धी भाकर खाल्ली.

सहा महिन्यांनी बाबांनी त्या रंग घोटणाऱ्या बाईशी पाट लावला. ती विधवा होती, तिला मूलबाळ नव्हतं. मला सांगितलं, हिला आई म्हण. मी म्हटलं, "माझी आई सात नंबरमध्ये आहे." तिच्या तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "आहे ना वं. मले मावशी म्हण." तेव्हापासून ती मावशी.

मी तिला फार छळलं. आता सांगायला काय जातं! तिच्या हातून वेणी घालून घेत नव्हते. आंघोळीचं पाणी तिनं काढलं की ओतून देऊन पुन्हा काढायचे. तिनं भाजी केली की तोंड वाकडं करून म्हणायचे, आईच्या हातची अशी नव्हती. आईच्या हातची कशी होती हे मला आठवत होतं थोडंच! ती म्हणायची, "बरं, उद्या पाहू," आणि दुसऱ्या दिवशी वेगळी करून बघायची.

पितृपक्षात अविधवा नवमी आली, की मी आईला हार घालायला लॉजात जायचे. त्यासाठी बाबांनी चित्राच्या वर एक खिळा ठोकून दिला होता. हार मावशी ओवायची. इतवारीच्या बाजारातून झेंडू आणायची, सकाळी आंघोळ करून, कुणाशी न बोलता एकेक फूल निवडून ओवायची, आणि केळीच्या पानात बांधून माझ्या हातात द्यायची. स्वतः मात्र कधी लॉजात आली नाही. एका वर्षी काटोलचे संत्र्याचे व्यापारी त्या खोलीत उतरले होते. त्यांनी हार पाहिला, टोप्या काढून नमस्कार केला आणि मॅनेजरला विचारलं, ही बाई याच खोलीत वारली का? दुसरी खोली द्या म्हणून हटूनच बसले. मालक बाबांवर करवादला, तरी हाराला त्यानं कधी ना म्हटलं नाही. चार दिवसांनी हार वाळला की लॉजातलं कुणीतरी काढून टाकायचं.

अशी चौदा-पंधरा वर्षं गेली. मी शिकले, काटोलच्या शाळेत मास्तरीण झाले. बाबा गेले. मावशी चितारओळीतल्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. मी पंधरा दिवसांनी बसनं यायचे, तांदूळ-डाळ भरून द्यायचे, आणि कर्तव्य केल्यासारखी परत जायचे.

त्या वर्षी पितृपक्ष लागला आणि मला कळलं, की लॉज रंगवायला काढला आहे. जुने मालक थकले होते आणि कारभार पोराकडे आला होता. मी तडक गेले. तो म्हणाला, "ताई, आता हे चित्रं कोण पाहते? गिऱ्हाईकाले सनमायका पाहिजे, आरसा पाहिजे. दिवाळीच्या आधी सगळं पिस्ता कलर मारून राहिलो." मी हात जोडले. म्हटलं, एक खोली तेवढी सोडा. तो म्हणाला, जमणार नाही. तेवढी पोच मलाही होती, की एका मेलेल्या बाईसाठी कुणी धंद्याची खोली अडवून ठेवत नाही. मग म्हटलं, नवमीच्या आदल्या दिवशी मला सात नंबर द्या, एक दिवस आईजवळ राहते, आणि सकाळी उजेडात फोटोवाला आणून फोटो काढून घेते. पैसे भरते. त्यावर तो कान खाजवत म्हणाला, "एकट्या बाईले खोली नाही देत आम्ही. संगं कोणी आना."

संगं कुणाला आणणार? होती कोण मला, मावशीशिवाय?

विचारलं तर ती चटकन हो म्हणाली नाही. "मी कायले तिथं?" म्हणाली. मी म्हटलं, "तू नाही आलीस तर आईचा फोटो राहून जाईल. जन्मभर बोलेन मी तुला." मग ती पिशवीत सुईदोरा आणि झेंडू भरून निघाली.

तिसऱ्या प्रहरी आम्ही खोलीत आलो. रंग उडालेला होता, संत्री पिवळी पडली होती, खालच्या कोपऱ्यात ओल चढली होती, पण आई होती तशीच. मी लोखंडी पलंग ओढून चित्रासमोर आणला. मावशी पलंगावर बसली नाही. खाली बसून तिनं हार ओवायला घेतला आणि मधूनमधून भिंतीकडे बघू लागली.

"काय बघतेस एवढं?" मी विचारलं.

"निया रंग टिकला," ती म्हणाली. "नीळ चांगली होती ते."

मला राग आला. आजचा दिवस माझा आणि माझ्या आईचा होता, आणि ही बया नीळ कशी होती ते सांगते! मी तिच्याकडे पाठ करून पडले. ओवून झाल्यावर तिनं हारावर पाणी शिंपडून तो ओल्या फडक्यात ठेवला. माझ्या पायांवर चादर घातलेलीही मला कळली, पण मी डोळे उघडले नाहीत.

सकाळी फोटोवाला आला. खिडकी उघडली, तिवई मांडली, उजेड बघितला. मी आंघोळ करून तयार होते. फडक्यातून हार काढला, पलंगावर चढले आणि खिळ्याकडे हात नेला.

"फोटो काढ," मावशी मागून म्हणाली, "पण हार नको घालू वं."

"काहून?"

"भिंतीवरला हार वाळते, मंग काढून टाकता येते. फोटोतला कोण काढन?"

मी पलंगावरूनच तिच्यावर ओरडले. फोटोवाल्यासमोर ओरडले. म्हटलं, "माझ्या आईचा फोटो आहे. मेलेल्या माणसाला हारच घालतात. तुझं काय जातं त्यात?"

ती उठून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मी जिती आहो अजून."

मला आधी कळलंच नाही. तिनं चोळीची बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात भिंतीवरच्या हाताशेजारी धरला. गोंदलेलं तुळशीवृंदावन, खाली पाच टिकल्या, आणि बाजूला एक टिकली जरा निसटलेली. भिंतीवरच्या हातावरही तीच टिकली निसटलेली होती. ते दोन्ही हात मी वर्षानुवर्षं पाहिले होते. गोंदण सगळ्याच बायकांना असतं म्हणून सोडून दिलं होतं. खरं सांगायचं तर मला पाहायचंच नव्हतं.

"तुह्या बाबाले चेहरा एकच ये, देवीचा," ती म्हणाली. "हात-पाय मात्र समोर माणूस बसवल्याबिगर काढता येत नसत. मी रंग घोटून राहिली होती, मलेच बसवलं. संत्र्याचे दिवस नव्हते, तं कांद्याचा ढीग मांडला होता पुढं. तीन दिवस सकायीच बसली, तोंड शेवटी काढलं. अन् तू आली डबा घेऊन."

फोटोवाला खिडकीबाहेर बघत उभा राहिला. शहाणा माणूस होता.

मी पलंगावरून उतरले. हार हातातच होता. सहा वर्षांची असल्यापासून दर नवमीला मी एका जित्या बाईला हार घालत आले होते. आपल्यात शत्रूच्या फोटोलासुद्धा कुणी असं करत नाही. आणि तो हार दरवर्षी तीच ओवून देत होती.

"मग तू ओवत काहून होतीस?" मी विचारलं. "स्वतःच्या हातानं?"

"तुले मायले घालाचा होता," ती म्हणाली. "तू माय म्हणून घालत होती, तं तो तिलेच पोचला. मले कायले लागन? पयल्या साली जड गेलं, खोटं काहून बोलू. मंग सवय झाली."

"बाबांनी तरी सांगायचं!"

"ते म्हणत, सांगून टाकू. मीच म्हटलं, नको. पोरीची माय एकदा मेली तं मेली. दोनदा काहून मारता?"

मला रडू आलं. बाबांचा रागही आला. पण ते जाऊन दोन वर्षं झाली होती, आता भांडणार कुणाशी? सगळ्यांत जास्त चीड माझी मलाच आली. आंघोळीच्या पाण्याच्या ओतून दिलेल्या बादल्या एकेक करून आठवल्या.

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "चाल आता. फोटोचं राहू दे. तुही माय नाही ना ते. मारू दे त्यायले पिस्ता."

मी फोटोवाल्याला म्हटलं, "दादा, काढा." त्यानं हाराकडे बघितलं. मी म्हटलं, "हार नाही. नुसतं चित्र." त्यानं काढला. मग मी खाली जाऊन रंगाऱ्याची पक्कड मागून आणली आणि तो खिळा उपसला. पंधरा वर्षांत चांगला गंजून बसला होता. निघता निघता मूठभर चुना खाली आला. मावशी "असू दे वं, असू दे" करत राहिली.

लॉजातून आम्ही दोघी शुक्रवारी नावाच्या तलावावर गेलो. माझ्या खऱ्या आईचा हार, चेहरा नसलेल्या आईचा, मी पाण्यात सोडला. मावशीनं हात जोडले. मग आम्ही बाहेर टपरीवर चहा घेतला, आणि तिनं माझी सुटलेली वेणी घातली, भर रस्त्यात बाकावर बसून. मी घालू दिली.

पुढच्याच महिन्यात तिला मी काटोलला घेऊन आले. तिला आई म्हणणं काही मला जमलं नाही, जीभच वळेना. मावशीच म्हणत राहिले, आणि तिनंही कधी दुसरं मागितलं नाही. फोटो मोठा करून बैठकीत लावला. कुणी विचारलं, तर ती लाजून आत निघून जायची.

मावशी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला शेजारच्या बायका हार घेऊन आल्या, आणि त्या फोटोला घाल म्हणाल्या. मी घातला नाही. त्यांना वाटलं, सावत्रपणा अजून गेला नाही हिचा. काय सांगणार होते मी त्यांना? तिच्या वाटणीचे सगळे हार मी आधीच घालून बसले होते.