एल्बेकाठचा घाट

ड्रेस्डेनमध्ये एल्बे नदीचं पाणी ओसरलं की काठावरच्या चिखलाचा वास सुटतो. आज सकाळी तो नाकात गेला आणि मी थेट पवनीला, वैनगंगेच्या घाटावर जाऊन पोचलो.

तेव्हा धान रोवण्याचे दिवस होते. बांधीतून आलेले बाबा पायाचा चिखल धूत होते. पायरीवर बसून मी सांगत होतो, जर्मनीत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, आखेन आणि ड्रेस्डेन. माझं मन आखेनवर होतं, इंजिनिअरिंगला त्याचं नाव मोठं. बाबांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "नदी कोनत्या गावाजवळ हाये?"

मला हसू आलं. "बाबा, मी शिकाले जाऊन राहिलो, धान लावाले नाही."

"तरी सांग ना, बाबू."

"ड्रेस्डेनले हाये. मोठी, आपल्या वैनगंगेवानी."

"मंग तिथंच जाय."

"काहून पन?"

"असू दे नदी जवळ. कामी येते."

पोराला तिथे परकं वाटू नये म्हणून म्हणत असतील, असं मी धरलं आणि त्यांचं मन राखलं.

बाबा गेल्या वर्षी गेले. मला वेळेत पोचता आलं नाही. आज पितृपक्षातली त्यांची तिथी. बूट काठावर ठेवून मी गार पाण्यात उतरलो, दक्षिणेकडे तोंड केलं, ओंजळीत काळे तीळ घेतले. स्वतःसाठीचा घाट बाबांनी त्या दिवशीच पाहून ठेवला होता.

ओंजळ सोडली आणि पुन्हा भरली.