मऊ रबराचे चार टायर

ब्रेकबाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर त्यांचं नावसुद्धा नव्हतं. 'गाडी शिका' एवढंच, आणि खाली फोन नंबर. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटसमोर आणखी एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायासाठी. बाई तो इतक्या हळुवार दाबायच्या, की शिकणाऱ्याला वाटावं गाडी आपणच थांबवली. कुठे सायकलवाला अचानक वळणार, कुठे पोर चेंडूमागे धावत येणार, हे त्यांच्या पायाला डोळ्यांच्या आधी कळायचं. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता. नाव पडलं ते त्यावरून, आणि बाईंना त्या नावाचा मनापासून राग होता.

कारण स्वतःच्या मनात त्या ब्रेकबाई नव्हत्याच. मनात त्या रेसर होत्या. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे तेवढी सोय नाही.

कॉलेजच्या वयात त्यांचा थोरला भाऊ शहराबाहेरच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा. एकदा त्याचा हात मुरगळला, म्हणून इंजिन गरम करून आणायला त्याने बहिणीला बसवलं. ती दोन-चार फेऱ्या मारून आली, तेव्हा कठड्याशी घड्याळ घेऊन बसलेला म्हातारा भावाला म्हणाला, "उद्यापासून तू घरी बस. हिला पाठव." बस्स. एवढंच. म्हातारा कदाचित भावाला चिडवत असेल, कदाचित त्याचं घड्याळ मागे पडत असेल. पण माणसं असल्या एका वाक्यावर अख्खं आयुष्य काढतात. पुढे भावाने गाडी विकली, संसाराला लागला. बाईंचं लग्न एका शिंप्याशी झालं, तोही भला माणूस. दोन्ही मुली शिकून आपापल्या घरी गेल्या. वाक्य मात्र बाईंपाशीच राहिलं.

वर्षातून एकदा ट्रॅकचा क्लब सगळ्यांना दार उघडायचा. आपली रोजची गाडी आणावी, हेल्मेट घालावं, पळवावी. क्लबने ठरवलेल्या वेळेच्या आत एक फेरी पुरी केली की शर्यतीत उतरायचं कार्ड मिळे. बाई दर वर्षी जायच्या, दर वर्षी वेळ हुकायची, आणि परत येताना गाडीत नवऱ्याला सांगायच्या, "टायर धड असते ना, तर आज झालंच होतं." नवरा म्हणायचा, "खरंय गं." शिंपी माणूस, त्याला टायरमधलं काय कळतंय! पण कापड हलकं असलं की कितीही बेतून शिवा, अंगावर बसत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

यंदा क्लबने कळवलं की हे शेवटचं वर्ष. ट्रॅकची जागा विकली गेली होती, तिथे गोदामं होणार होती. बाईंनी फोन खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "यंदा टायर घेणार."

आता टायर निवडणं म्हणजे काय प्रकरण असतं, हे ज्याने कधी केलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. बाईंची गाडी एकच. तीच सकाळ-संध्याकाळ शिकवण्या ओढणार, तीच ट्रॅकवर जाणार. बाजारात टिकाऊ टायर मिळतात, ते वर्षानुवर्षं झिजत नाहीत आणि वळणावर धरतही नाहीत. निव्वळ ट्रॅकचे मिळतात, ते रस्त्याला गोचिडीसारखे चिकटतात, पण पाऊस पडला की देवाचं नाव घ्यायचं, आणि किंमत ऐकूनही तेच नाव घ्यायचं. बाईंना हवा होता मधला. रबर मऊ, बाजू ताठ, पाणी बाहेर टाकायला पुरेशा खाचा, आणि खिशाला झेपेल असा.

त्यांनी जिवाचं रान केलं. दुकानं पालथी घातली. टायरच्या बाजूवर एक झिजेचा आकडा छापलेला असतो, तो जितका लहान तितकं रबर मऊ, हे त्यांना तोंडपाठ झालं. रबरात नख रुतवून बघायची त्यांना सवयच लागली. एकदा सिग्नलला उभ्या असलेल्या परक्या गाडीच्या टायरमध्ये त्यांनी दार उघडून, वाकून नख रुतवलं, तेव्हा तो गाडीवाला घाबरून काच वर करता झाला. नवरा म्हणाला, "मला पसंत करताना एवढं बघितलं नव्हतंस."

"तुमच्यावर आकडा छापलेला नव्हता," बाई म्हणाल्या.

शेवटी स्टँडमागच्या टायरवाल्याशी गाठ पडली. त्याने चार-चार टायरचे दोन संच पुढे ठेवले. एक बड्या कंपनीचा, भरपूर सूट देऊन. दुसरा एका न ऐकलेल्या कंपनीचा.

"ताई, नावाचा घ्या. पुन्हा या भावात मिळायचा नाही," टायरवाला म्हणाला.

बाईंनी खाली बसून बाजूवरची तारीख वाचली. कुठल्या आठवड्यात बनला ते टायरवर लिहिलेलं असतं. "हा किती वर्षं पडून आहे तुमच्याकडे? रबर लाकूड झालंय याचं. तो दुसरा दाखवा."

टायरवाल्याने कान पकडले. "ताई, तुम्ही दुकान टाका, मी गाडी शिकतो."

जुने टायर बदल्यात देऊन बाईंनी तो बिननावाचा संच घेतला. निवड अगदी बरोबर होती. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर त्या टायरवर फोडायचं नाही.

निघताना टायरवाल्याने बजावलं, "ट्रॅकवर फेऱ्या झाल्या की आधी हवा बघा. टायर तापतो, आतली हवा वाढते. वाढलेली तेवढी काढून टाकायची, नाहीतर पकड जाते. आणि घरी निघताना परत भरायची." बाईंनी मान डोलावली. हे त्यांना आधीच माहीत होतं, तरी कुणाच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

नवे टायर आधी थोडे रस्त्यावर मुरवावे लागतात, म्हणून ते लगेच चढवले. पहिल्याच दिवशी वळणावर गाडीने रस्ता असा धरला की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि दुसऱ्या दिवशी शिकवणीला सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्स. चाळिशी उलटलेली, नवरा नाही, म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. त्यांची रात्रपाळी कायमची सुटायची एकच वाट होती. दवाखाना घरोघरी जाऊन रुग्णांना बघणारी नर्स नेमणार होता, गाडी दवाखान्याची, काम दिवसाचं. लायसन्स तेवढं हवं. परीक्षेची तारीख ठरली होती, ती चुकली तर जागा दुसरीला जाणार होती.

सिस्टर गाडी बरी चालवायच्या. अडायचं ते एकाच ठिकाणी, मागे घेऊन दोन खांबांमध्ये गाडी लावताना. आणि सगळ्या शिकाऊ माणसांसारखं त्या गाडी जागेवर उभी असतानाच स्टिअरिंग गरागरा फिरवायच्या. उभ्या गाडीचं चाक फिरवलं की पुढचे टायर जमिनीवर खरवडले जातात. टिकाऊ टायरला त्याचं काही वाटत नाही. मऊ रबराची मात्र सालं निघतात.

"सिस्टर! गाडी हलल्याशिवाय चाक फिरवायचं नाही!" बाई ओरडल्या.

सिस्टर दचकल्या. बाईंचा आवाज चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता, कुणीच ऐकला नव्हता. "चुकलं हो बाई," म्हणून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि घाबरल्यामुळे पुन्हा तेच केलं. बाईंनी खाली उतरून पुढच्या टायरची कड पाहिली. रबराचा काळा भुगा रस्त्यावर पडला होता.

"पार्किंग राहू दे आता. ते शेवटी बघू," त्या म्हणाल्या. "आज सरळ रस्त्यावर जाऊ."

दुसऱ्या दिवशीही सरळ रस्ता. तिसऱ्या दिवशीही. सिस्टर दोनदा म्हणाल्या, "बाई, ते मागे लावायचं तेवढं एकदा घ्या ना." बाई म्हणायच्या, "येईल हो, त्यात काय आहे!" आणि शेवट काही आलाच नाही, परीक्षा आली. ट्रॅकच्या आधी आठवडाभर.

सिस्टर खांबाला धडकल्या. परीक्षकाने पहिल्याच खेपेला कागदावर फुली मारली.

परत येताना सिस्टर शेजारच्या सीटवर बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही किती शिकवलंत, बाई. माझंच डोकं दगड आहे. या वयात काही नवीन शिरत नाही." दवाखान्यापाशी उतरताना त्यांनी दोन्ही हातांनी बाईंचा हात धरला, आभार मानले, आणि रात्रपाळीला आत गेल्या. बाईंना त्यांना हाक मारून खरं सांगावंसं वाटलं. जीभ उचलली नाही. त्यांना आपली लाज वाटली, अगदी उघड्यावर पकडल्यासारखी लाज वाटली, आणि तरीही घरी आल्यावर त्यांनी आधी पुढचे टायर पाहिले. कडा शाबूत होत्या.

ट्रॅकचा दिवस कोरडा, उन्हाचा निघाला. याहून चांगला दिवस मागूनही मिळाला नसता. नवरा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन कठड्याशी बसला. बाईंच्या शेजारी एक पोरगी आली होती, वडिलांची माल पोचवायची गाडी घेऊन. मागच्या फळ्या काढल्या होत्या, टायर साधे, टिकाऊ जातीचे, जवळपास गुळगुळीत. बाईंना तिची दया आली.

"काकू, टायर काय भारी आहेत तुमचे! कुठून घेतले?" पोरगीने विचारलं. बाईंनी हौसेने स्टँडमागचा पत्ता दिला.

फेऱ्या झाल्या. बाईंना वाटलं आपण उडतच होतो. लांब सरळ रस्ता, मग उजवं वळण, मग चढ, गाडी कुठेच घसरली नाही, ओरडली नाही. परत येऊन थांबल्या आणि त्यांनी काच खाली केली. लाउडस्पीकरवर वेळ वाचून दाखवली. गेल्या वर्षी होती तीच. पाव सेकंद इकडचा तिकडे नाही.

मागून पोरगीची वेळ आली. तिला कार्ड मिळत होतं.

बाई खाली उतरल्या. काहीतरी चुकलं असणार, हवा वाढली असणार. त्यांनी हवेचं मापक काढून पुढच्या टायरला लावलं. काटा सकाळी होता तिथून जेमतेम हलला होता. मापक बिघडलं म्हणून दुसऱ्या टायरला लावलं. तेच. मग त्यांनी तळहात रबरावर ठेवला.

टायर कोमट होता. बाजारातून भाजी घेऊन आल्यावर असतो तेवढा.

शेजारी पोरगीने स्वतःच्या टायरला बोट लावलं आणि "आई गं!" करत हात मागे घेतला. तिच्या त्या भिकार टायरच्या कडांवर रबर वितळून गोळ्या झाल्या होत्या. बाईंच्या टायरची कड जवळपास नवीकोरी होती. वळणात ज्या कडेवर गाडी तोलायची, तिथवर त्यांनी टायरला कधी नेलंच नव्हतं. गाडी घसरली नाही याचं कारण टायर नव्हते. घसरण्याच्या पुष्कळ आधी त्या थांबत होत्या. आज थांबत होत्या, आणि गेली सगळी वर्षं थांबत आल्या होत्या.

फेऱ्यांची आणखी एक पाळी बाकी होती. बाईंनी हेल्मेट परत चढवलं. वळणाआधी रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा होता, ब्रेक तिथे मारायचा, त्याआधी नाही. त्यांनी तो पट्टा मनात पक्का केला. टायरला झेपेल हे त्यांना ठाऊक होतं, कुठल्याही माणसापेक्षा जास्त ठाऊक होतं. सरळ रस्ता संपत आला, पट्टा लांबवर दिसला, आणि पाय ब्रेकवर गेला. त्यांनी नेला नव्हता. दुसऱ्या फेरीत त्या मोठ्याने ओरडल्या, "नाही!" पाय गेला. तिसऱ्या फेरीत त्यांनी दात-ओठ खाल्ले, पाय तसाच गेला, हळुवार, शेजारच्याला कळू नये इतका हळुवार. शेजारी कुणी नव्हतं. दुसऱ्याची चूक होण्याआधी ब्रेक दाबायचा, यावर त्यांचं घर चाललं होतं, दोन मुली शिकल्या होत्या. तो पाय आता परत मिळणार नव्हता. कधी काळी त्या खरंच वेगळ्या होत्या की म्हाताऱ्याने गंमत केली होती, हेही आता कळायला मार्ग नव्हता.

परत आल्यावर त्यांनी टायरला हात लावला नाही.

नवरा डबा घेऊन आला आणि शेजारच्या सीटवर बसला. बायकोचा चेहरा बघून त्याने नेहमीचंच बोलणं काढलं. "नवखी कंपनी शेवटी. तरी मी म्हणत होतो, नावाजलेले घ्यायचे होते."

"टायर चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "सिस्टरना मी पार्किंग शिकवलंच नाही. हे टायर झिजतील म्हणून. त्यांची ती दिवसाची जागा गेली, आणि त्यांना वाटतंय त्यांचंच डोकं दगड आहे."

नवऱ्याने उघडायला घेतलेल्या डब्याचं झाकण परत लावलं.

मैदान रिकामं होत आलं होतं. बाईंनी सीटचा पट्टा लावला, आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, आणि कुणीच नसलेल्या फाटकातून गाडी सावकाश बाहेर काढली.