शब्बीरभाईंचा अंगठा

सहलीचा फोटो हातात आला की शब्बीरभाई आधी अंगठ्यानं देऊळ झाकायचे. देऊळ नसलं तर किल्ला, समुद्र, धबधबा, मागं जे काही मोठं उभं असेल ते. मग फोटो आपल्याकडे वळवून विचारायचे, "आता काय राहिलं?" माझ्या पहिल्याच फोटोत सहा ठिपके राहिले होते. आई-वडिलांना घेऊन कोकणात गेलेलो आम्ही ते.

इंदापूरच्या एसटी स्टँडमागं त्यांचा छोटासा स्टुडिओ होता. लग्न होऊन इंदापूरला आल्यापासून मी मोबाईलमधले फोटो कागदावर घ्यायला तिथंच जायची. "समुद्र कुठं जात न्हाय, बाई. वडलांच्या जवळ जा," ते म्हणायचे. मला राग यायचा. पैसे देऊन वर शहाणपण कशाला ऐकायचं, म्हणून पुढच्या सहलीत मी मुद्दाम पुन्हा लांबूनच फोटो काढायची.

एकदा माझ्यासमोरच एक कुटुंब दहाव्यासाठी आजीचा फोटो मोठा करून घ्यायला आलं. सहलींचे ढीगभर फोटो, पण आजी प्रत्येकात मुंगीएवढी. चेहरा मोठा करावा तसा तो विरघळत गेला. ते लोक गेल्यावर शब्बीरभाई चष्मा पुसत म्हणाले, "निम्मं आयुष्य माझं घोळक्यातनं माणसं कापून काढण्यात गेलं. हयातीत कुणी जवळ जातच न्हाय."

मला धसकाच बसला. माझ्या वडिलांचा, तात्यांचा, माझ्याकडे एकही धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ते सावधान उभे राहायचे आणि चेहरा रेशनकार्डावरच्यासारखा करायचे. डोळे बारीक करून हसणारे आमचे तात्या कुठंच नव्हते, आणि त्या वर्षी ते फार खंगले होते. शब्बीरभाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी अंगठा बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच मला नीट शिकवलं. सकाळचं ऊन घ्यायचं, आपण होऊन जवळ सरकायचं, आणि शेवटी, "झाला फोटो, असं म्हणायचं. माणूस श्वास सोडतो. तवा काढायचा."

त्या हिवाळ्यात आई-तात्यांना माहेराहून, पणदऱ्याहून आणलं आणि उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला नेलं. पहाटेचं धुकं अजून उठलं नव्हतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. होडी दोन्हींच्या मधोमध तरंगत असल्यासारखी वाटत होती. लांब कुठंतरी गुलाबी रेघ हलली. होडीवाला हळू आवाजात म्हणाला, ते बघा. तात्या सवयीनं ताठ झाले. मी पक्ष्यांकडे पाठ केली, गुडघ्यांवर पुढं सरकले, एक फोटो काढला आणि म्हणाले, "झाला." तात्यांनी श्वास सोडला. वाऱ्यानं त्यांची टोपी कलली होती, आईनं हात लांब करून ती सरळ केली, आणि तात्या डोळे बारीक करून हसले. तेवढ्यात मी दुसरा काढला. त्यात पक्षी एकही नाही.

उन्हाळ्यात तात्या गेले. तोच फोटो घेऊन मी शब्बीरभाईंकडे गेले. चुलत्यांनी बजावलं होतं, आईला त्यातून काढून घे. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. शब्बीरभाईंनी पडद्यावर फोटो कापायला घेतला. आई बाजूला झाली, पण टोपीच्या काठावर तिची बोटं राहिलीच. ती पुसणं त्यांना अवघड नव्हतं. रोजचंच काम ते. तरी त्यांनी हात मागं घेतला.

"हाराला दुसरा देतो," ते म्हणाले. "ह्यो असाच ऱ्हाऊ द्या."

दहाव्याला आधारकार्डावरचे ताठ तात्या हारात बसले. होडीतला फोटो पणदऱ्याच्या स्वयंपाकघरात लागला, बिनहाराचा. आई भाकरी करताना त्याच्याकडे बघून काहीबाही बोलते. मी तिथं असले की ऐकते आणि बाहेरच्या खोलीत जाते.

पुढं शब्बीरभाईंची नजर गेली. दुकान बंद करून ते बारामतीला लेकीकडे राहायला गेले. परवा मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी सवयीनं होडीतला फोटो उघडून मोबाईल त्यांच्यापुढं धरला आणि मग माझी मलाच लाज वाटली. त्यांनी मात्र तो हातात घेतला आणि काचेवर अलगद अंगठा ठेवला.

"बोटं हायती न्हवं अजून?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा अंगठा धरून टोपीच्या काठावर नेला.