जर्मनीतला अमोल, ऑनलाइन देवळालीत

काही घरांत मांजरं वाढतात, काही घरांत भांडी. आमच्याकडे किस्से वाढतात, आणि गेल्या वर्षापासून त्यांचा सगळा पुरवठा स्वयंपाकघरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरकडून होतो.

माझा धाकटा भाऊ अमोल जर्मनीत नोकरी करतो. लग्नाचा आहे, आणि ते जमत नाही म्हणून अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, झोप उडालेली. अमोलची तक्रार वेगळीच. तिकडून त्याला क्रिकेट दिसत नव्हतं, इथल्या बँकेची साइट उघडत नव्हती. "दादा, आपल्या देवळालीच्या घरी व्हीपीएन सर्व्हर लाव. मग मी इथून घरात शिरेन आणि घरातून बाहेर पडेन. इंटरनेटला वाटेल मी घरीच बसलोय!"

मी राहुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे मला सगळं येतं, असा घरात गैरसमज आहे.

*

सर्व्हर टाकायचा होता व्हर्च्युअल मशीनवर. अण्णांनी विचारलं, "ते काय असतं?"

"कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. दिसत नाही, पण स्वतंत्र चालतो."

अण्णांनी आयुष्यभर तलाठी कचेरीत कारकुनी केलेली. ते म्हणाले, "पोटभाडेकरू म्हन की! ठिव. पन आधी लिहून घे, नंतर निघत न्हाईत."

*

सगळा रविवार घालवून सर्व्हर उभा केला. घरात झकास चालला. जर्मनीतून मात्र अमोल दार वाजवतोय आणि आत कोणी ऐकत नाही! शेवटी नेटवाल्याला बोलावलं. तो खुर्चीत बसला, चहा प्यायला आणि शांतपणे म्हणाला, "सर, आमच्या लाइनीवर फकस्त घरातून भाईर जाता येतं. भाईरून घरात यायचं आसंल तर वेगळा अर्ज करावा लागंल."

आई ओट्यापाशी उभी होती. "आमच्या अमोलला पन कुनीतरी हे सांगायला पायजे हुतं," ती म्हणाली.

*

अर्ज केला, तो मंजूर झाला आणि अमोल एकदाचा घरात शिरला. मग अपडेटचा दिवस आला. अमोलने बजावलं, "आधी स्नॅपशॉट घे. म्हणजे मशीन आत्ता जसं आहे तसं साठवून ठेव. बिघडलं तर परत मागे येता येतं."

मी पडलो शिक्षक. एकदा सांगून मी स्वतःचंही ऐकत नाही! 'अपडेटच्या आधी' असा एक घेतला. मग 'अगदी आधी'. मग 'शेवटचा', 'खरंच शेवटचा', 'हा घ्यायलाच नको होता पण असू दे'. एवढी काळजी घेतल्यावर अपडेट सुरू केलं, तर डिस्क भरली म्हणून ते पडलं!

अमोल म्हणाला, "दादा, हेल्मेट एवढं मोठं घेतलंस की गाडीवर बसायला जागाच उरली नाही."

*

कॉम्प्युटर स्वयंपाकघरात का, तर इन्व्हर्टर तिथे आहे. आणि इन्व्हर्टरचा सॉकेट एकच. एका संध्याकाळी लाइट गेली. जर्मनीत अमोल आणि त्याचे मित्र मॅचची शेवटची ओव्हर बघत होते. इथे आईने एक प्लग काढून दुसरा लावला. अमोलचा फोन आला, "आई, चार बॉल राहिलेत!"

"बाबा, माझी चटनी पन अर्धीच वाटलीय," असं म्हणून आईने मिक्सर चालू केला.

*

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण अमोलची स्थळं एकामागून एक परत जायला लागली. पत्रिका जुळायची, फोटो पसंत पडायचा आणि मग पलीकडून सामसूम. अण्णा कोमेजले. मलाही मनापासून वाईट वाटत होतं.

उलगडा श्रीरामपूरच्या एका मुलीच्या वडिलांनी केला. त्यांनी अण्णांना सरळ फोनच लावला. "पोरगं जर्मनीत म्हनता, आन लग्नाच्या साइटवर तर रोज देवळालीत ऑनलाइन दिसतंय! नोकरी गेली का?"

बिचारा अमोल साइटसुद्धा व्हीपीएन चालू ठेवूनच उघडत होता!

अण्णांनी ठामपणे खुलासा केला, "न्हाई ओ, तिकडंच हाय. फकस्त घरून जातोय."

ते स्थळ तिथेच संपलं.

अण्णा मला म्हणाले, "रविवारी ते मशीन बंद कर. पोराचं लगीन बुडवलं त्यानं!"

*

शनिवारी राहुरीची प्राजक्ता आईवडिलांना घेऊन घरी आली. ॲग्रीची पदवीधर, स्वतःची उसाच्या रोपांची नर्सरी. साइटवर तिनेच आधी विचारलं होतं. पोहे झाले, चहा आला. मग तिने इकडेतिकडे बघितलं. "अमोल कुठेयत?"

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. आत अमोल, कानटोपी घालून.

"तुम्ही अजून तिकडेच?" ती म्हणाली. "रोज देवळालीत दिसता. मला वाटलं परत आलात आणि प्रोफाइल बदलायचं राहिलं. मी नर्सरी सोडून कुठे जाणार नाही. इथे राहणारा मुलगा म्हणून तर आले होते."

अण्णांच्या हातातली बशी कलंडली. मुलगा परदेशात आहे म्हणून नकार! पंचक्रोशीत असं कोणी ऐकलं नव्हतं.

अमोल मात्र नर्सरीबद्दल विचारायला लागला. रोपं ट्रेमध्ये का लावता, पाणी कोण देतं, उन्हाळ्यात काय करता. तीही सांगत बसली. तिच्या वडिलांनी दोनदा घड्याळ बघितलं, शेवटी तिला उठवलंच.

पाहुणे गेले. अमोलने स्क्रीनवरच कानटोपी काढली. म्हणाला, "दादा, माझं ऑफिसचं काम देवळालीतून होईल का रे? आपल्याकडे नेट कसं आहे?"

सकाळपासून लाइट नव्हती, इन्व्हर्टर बसला होता आणि लॅपटॉप माझ्या मोबाईलच्या डेटावर कसाबसा तग धरून होता. मी आईकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला होता.

"एकदम झकास!" मी म्हणालो.